आकाशातले माझे ठिपके

हे कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते — ऐका.

मी चौथी शिकलेली. इथे अमेरिकेत, बॉथेलला मुलगा-सुनेकडे राहते. सून मुग्धा रेडिओ दुर्बिणीतून आलेली आकाशाची चित्रं तपासते. ती असतात धूसर. ती स्वच्छ करायला मुग्धा एका मशीनला शिकवत होती. त्यासाठी आधी माणसांनी चित्रं बघायची, जिथे ठिपका दिसेल तिथे खूण करायची. मशीन त्यावरून शिकणार.

"आई, तुम्हीपण करा ना," ती म्हणाली. "आम्हाला हवं ते दिसतं. तुम्ही दिसेल तेच सांगाल."

मला दिसतच नव्हतं — मोतीबिंदू होता. लपवला होता. का? म्हातारी झाले म्हणायची लाज. दुसरं काही नाही.

मग खुणा कशा केल्या? मधला मोठा ठिपका तेवढा कळायचा. जन्मभर दारात ठिपक्यांची रांगोळी काढलेला हात — त्या मोठ्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना, सारख्या अंतरावर, एकेक ठेवत गेला. जोडी जमली की बरं वाटायचं.

एकदा तिने विचारलंही. "आई, क्लिअर दिसतंय ना? बाकीचे एवढे मार्क करत नाहीत."

"मग त्यांचे डोळे तपास."

ती हसली. आणि जिथे जिथे मतभेद, तिथे तिने माझं धरलं.

पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं; तो नुकताच आलाय, असंच घरी सांगितलं. घरी आले तर मशीनने स्वच्छ केलेलं नवं चित्र मुग्धाने फ्रिजवर लावलेलं. मधे मोठा ठिपका, दोन्ही बाजूंना दोन. हे चित्र माझ्यापुढे कधी आलंच नव्हतं — तरी हात माझा होता.

"सगळीकडे जोड्या निघतायत, आई! आजवर कुणालाच दिसल्या नव्हत्या."

कशा दिसणार?

तिची नोकरी, व्हिसा, नाव — सगळं आता त्या जोड्यांवर टेकलंय. दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीने तिथे बघणार आहेत. तोवर मशीन थांबत नाही. रोज नवं आकाश घेतं, रोज माझे ठिपके घालतं.

आज सकाळी ती मोठ्या लोकांपुढे ते मांडायला निघाली. वाकून नमस्कार केला. खरं सांगायला मी तोंड उघडलं — आणि म्हटलं, "यशस्वी हो."

तिच्या तळहातावर दही घातलं. दार लावून घेतलं.