डावीकडचं बटन

ही गोष्ट घरात कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि एरवी मुद्द्याचं बोलणारी मी — सुरुवात सापडत नाही.

मी याद्या करणारी बाई. किराण्याची, आठवड्याच्या कामांची, गावाला निघताना काय काय बंद करायचं त्याचीसुद्धा. पोटापाण्याचं कामही तसंच: कारखान्यांच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीन आखायच्या. आधी काय भरायचं, मग काय, शेवटी कुठलं बटन दाबायचं. माणसाला विचार करावा लागू नये, असं मी सगळ्यांना सांगत असे.

इकडे हिंदी मुलखात, पनागर रोडवर, मटार गोठवायचा एक कारखाना होता. तिथं गेटवरच्या कॉम्प्युटरवर शोभा बसायची. माझ्यासारखंच तिचं माहेर नागपूरकडचं. नोकरीला मीच लावलेली. मटारची गाडी आली की ती नोंद करून डावीकडचं ‘भेजें’ दाबायची. आत निरोप जायचा, हमाल गाडी उतरवून घ्यायचे. उजवीकडे ‘रद्द करें’ होतं. तिचा हात एवढा बसला होता की ड्रायव्हरशी बोलता बोलता, न बघता दाबायची. “ताई, तुमचं हे मशीन मी झोपेतही चालवीन,” म्हणायची.

ऐन हंगामात मी ती दोन बटनं अदलाबदल केली. काहून? बाकीच्या स्क्रीनवर ‘भेजें’ उजवीकडे होतं म्हणून. सगळं एकसारखं दिसावं म्हणून. तिला सांगायला नको होतं? राहून गेलं — नाही, तेही खरं नाही. तिला विचारण्यासारखं काही आहे, असं मला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा हात रोजच्या जागी गेला. एकेक गाडी रद्द होत गेली. कुठलंही बटन दाबलं तरी स्क्रीन सारखीच कोरी व्हायची — तेही मीच आखलेलं — तर तिला कळणार कसं? ड्रायव्हर चिडून गेटवर आले तोवर पोत्यांतला मटार उन्हात तापून पिवळा पडला होता. तेव्हा तिनं नीट पाहिलं आणि बटन फिरलंय असं मालकांना सांगितलं.

मालकांचा मला फोन आला. “मैडम, आपने कुछ बदला था क्या?”

मी नाही म्हणाले. फोन ठेवला, ऑफिसातूनच बटनं पहिल्या जागी नेली आणि मग कारखान्यात गेले.

मालकांनी तिला खुर्चीवर बसवलं, दाखव म्हणाले. ‘भेजें’ डावीकडे होतं. ती बघतच राहिली. मग माझ्याकडे वळली. “ताई, मघाशी हे इथं नव्हतं ना?”

“इथंच होतं, शोभा. दमली असशील तू.”

हे मी मायेनं म्हणाले. तिच्या खांद्यावर हात ठेवून.

“अच्छा,” ती म्हणाली.

भांडली असती तर? नाही भांडली. तिनं माझं खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून ती मटार निवडायला उभी राहिली, आणि कॉम्प्युटरला पुन्हा हात लावला नाही.

परवा अधारतालला किराणा दुकानात भेटली. केस पिकलेत. पैसे मोबाइलवरून द्यायचे होते. तिनं फोन माझ्या हातात दिला.

“तुम्हीच दाबा, ताई. मी दाबलं का उलटंच होते. माझ्या हाताचा भरोसा नाही.”

दुकानदार हसून म्हणाला, दीदी हर बार किसी और से ही दबवाती हैं. तीही हसली. पिनसुद्धा तिनं मला मोठ्यानं सांगितला.

मी बटन दाबलं. फोन परत दिला. ती पिशवी उचलून निघाली.