‘जागेअभावी वगळले’

हे मी आजवर कुणापुढेच बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही. पोटात ठेववत नाही, एवढं खरं.

ऐंशीच्या दशकात मी चंद्रपूरला एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर होतो. आपल्यासारखा हुशार पंचक्रोशीत नाही, असा तोरा! सावली तालुक्यातल्या वैनगंगेकाठच्या एका गावासाठी मी पुराची सूचना देणारा डबा बनवला. पाणी चढलं की भोंगा वाजायचा. डब्याचं सगळं डोकं दोन किलोबाइटच्या एका चिपमध्ये. दुसरी चिप मंजूर नव्हती. वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीची. त्या चिपमध्ये काय बसवायचं, काय सोडायचं, याचा तक्ता मीच मांडला. बॅटरी उतरू लागली की डब्यानं टिकटिक करून कळवायचं — तो भागही बसला होता. हो, बसला होता.

मग कळलं, उद्घाटनाला मोठे साहेब येणार. डब्यावर लाल दिव्यांत ‘सुस्वागतम’ सरकत जावं, ही हौस कुणाची? माझीच. अक्षरांना जागा लागते. मी बॅटरीचा भाग काढला. समारंभ झाला की परत घालू — एका दिवसाचं तर काम! पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात, करता करता पावसाळा लागला. दिवे रोज सरकत राहिले, बॅटरी खात राहिले. हौसेला मोल नसतं म्हणतात ना?

डबा कवडूभाऊ नावाड्यांच्या अंगणात होता. तिथली माणसं नदीत उतरताना काठावर बांबूची कामटी रोवायची. तिचं बूड भिजलं की सगळ्यांनी वर यायचं. डबा आला आणि कवडूभाऊंनी कामटी सोडली.

“तुमचा डब्बा पाहून राह्यला ना साहेब, मंग आमी काऊन पाहाव?”

मी हसलो. किती सुखावलो होतो मी!

त्यांची बायको रुखमाबाई. मी गेलो की भातावर झिंग्यांची चटणी वाढायची. श्रावणातल्या एका लख्ख दुपारी ती शेळ्यांसाठी नदीतल्या बेटावर गवत कापत होती. पाऊस वर कुठेतरी पडला होता. पाणी चढलं. भोंगा वाजलाच नाही. ती तिसऱ्या दिवशी सापडली.

चौकशीत मी तक्ता पुढे केला. बॅटरीच्या ओळीसमोर मीच आदल्या दिवशी लिहिलं होतं — ‘जागेअभावी वगळले’. कुणी काही विचारलं नाही. बाहेर बाकावर कवडूभाऊ बसले होते. कारकुनानं त्यांना ते समजावून सांगितलं. त्यांनी उठून माझा हात धरला.

“जागाच नाई होती, मंग तुमी तरी का करान, साहेब?”

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी मान खाली घातली — आणि तो हात तसाच धरू दिला. त्याची आठवण आली की अजून रडू फुटतं. त्या रडण्याचा त्यांना काय उपयोग?

डबा माझ्याकडे परत आला. टेबलावर ठेवून नवी बॅटरी जोडली. आधी लाल अक्षरं सरकली — सुस्वागतम. मग पाण्याची तार पेल्यात बुडवली आणि भोंगा वाजला, अगदी खणखणीत.

जागा होती. मी ती पाच अक्षरांना दिली.