नाकोबाचं ‘ठीक’

बर्फाच्या कारखान्यात त्याला सगळे नाकोबा म्हणायचे. नाक दिसायला साधंच होतं, पण कामाचं होतं. बर्फ गोठवायला तिथे अमोनिया वापरतात. तो नळ्यांतून फिरतोय तोवर गुणी बाळ. बाहेर पडला, की डोळे, घसा, छाती, कुणालाच सोडत नाही. म्हणून रोज सकाळी, बाकीची माणसं आत जायच्या आधी, नाकोबा कॉम्प्रेसरच्या खोलीत शिरायचा. मागे दार सताड उघडं, गळ्यात मास्क. प्रत्येक सांध्यापाशी थांबायचा, बेताचा श्वास घ्यायचा, पुढे सरकायचा. घाई नाही. फेरी संपली की दारात येऊन म्हणायचा, “ठीक.” मग बाकीचे आत.

तपासणीचे लाल कागद कपाटात होते. ओला कागद सांध्याजवळ धरायचा. अमोनिया असला तर कागद निळा पडतो. पण एकदा कागदाच्या आधी नाकोबानेच गळती पकडली आणि तेव्हापासून पाकिटांवर धूळ बसू लागली. फोरमन म्हणायचा, कागद ओला करत कोण बसतंय, आपल्याकडे नाक आहे. नाकोबाला ते गोड लागायचं. बायको मात्र म्हणायची, या माणसाला चार घरांपलीकडे काय शिजतंय ते कळतं, फक्त स्वतःच्या मोज्यांचा वास येत नाही.

मग तो तापाने आजारी पडला. ताप उतरला, तोंडाला चव आली नाही. कामावर परतल्यावर पहिल्याच फेरीत त्याला कळलं, की खोलीला वासच नाही. तेलाचा नाही, गंजाचा नाही, काहीच नाही. त्याने मनाची समजूत घातली, की सर्दी आहे, जाईल. दारात येऊन ‘ठीक’ म्हणाला. दुसऱ्या दिवशीही म्हणाला. पुढे ते रोजचंच झालं.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? गेटवर बसवलं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करायला. हयात ज्या खोलीत गेली, तिच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायचं हे त्याला गिळवेना. नाकाला कळलं नाही तरी डोळ्यांना झोंबेलच, असंही तो स्वतःला सांगायचा. ते खरं होतं. पण डोळ्यांना झोंबेपर्यंत थांबणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं, हेही त्याला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी बायको शेजारी गेली होती. गॅसवर दूध ठेवलं होतं आणि त्याच्याकडे पाठ करून नाकोबा बूट शिवत बसला होता. बायको परतली ती जिन्यावरूनच पळत. पातेलं काळं ठिक्कर, खोलीभर करपट वास, आणि हा सुईत दोरा ओवतोय. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली. भांडण होईल म्हणून तो वाट बघत बसला. तिने एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

“कधीपासून?” तिने विचारलं.

त्याने सांगितलं.

तिचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या भिंतीपलीकडे, हौदातून बर्फाचे डबे वर काढायचा. ती पातेलं घासायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, “माझा भाऊ तुमच्या ‘ठीक’वर आत जातो.”

एवढंच. पातेलं मात्र तिने बराच वेळ घासलं.

सकाळी फेरी मारून नाकोबा दारात आला. समोर मेहुणा उभा, हातात बर्फ ओढायचा आकडा, अर्ध्या झोपेत.

“बोला दाजी, नाक काय म्हणतंय?”

नाकोबाच्या जिभेवर शब्द तयार होता. तो त्याने गिळला. “थांब. कुणी आत जायचं नाही,” म्हणाला, आणि कपाटातून धुळीचं पाकीट काढून आणलं.

फोरमन हसत आला. आज नाकाने रजा टाकली काय, असं काहीतरी म्हणाला. नाकोबाने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की रजा नाही, नाक गेलंय, आणि तापातून उठल्यापासून तो नुसतंच ‘ठीक’ म्हणतोय. कुणी हसलं नाही. मेहुण्याने आकडा भिंतीला टेकवून ठेवला.

मास्क चढवून फोरमन आणि नाकोबा कागद घेऊन आत गेले. एकामागून एक कागद लालच राहत गेले. शेवटून दुसऱ्या व्हॉल्व्हपाशी मात्र, दांड्याभोवती गळती अडवणाऱ्या पॅकिंगला धरलेला कागद कडेने निळा पडू लागला. गळती बारीक होती. डोळ्यांना झोंबायला अजून वेळ होता. माणसांना वारा येत होता त्या बाजूला, मोकळ्यावर नेलं. गळती वाढलीच तर फवारा मारायला मेहुणा मास्क लावून पाण्याचा पाइप घेऊन दारात उभा राहिला. मग फोरमनने पाना नाकोबाच्याच हातात दिला. नाकोबाने पॅकिंग दाबणारा नट जरासा फिरवला, थांबला, नवा कागद धरला. पुन्हा जरासा. असा नट हिसक्याने आवळला तर पॅकिंगच चिरडतं. हाताला ते माहीत होतं. शेवटचा कागद लाल राहिला तेव्हा त्याची बनियन पाठीला चिकटली होती.

फोरमन त्याला फाडफाड बोलला. बोलायलाच हवं होतं. मग ओशाळून म्हणाला, की कागद कपाटात कुजवले ते मीच. गेटचं नाव कुणी काढलं नाही. मात्र एकट्याची फेरी त्या दिवसापासून बंद झाली. आता मेहुणा कागद धरतो आणि नाकोबा मागून चालतो. पोरगा उतावळा आहे. कागद लावला न लावला की पुढे सरकतो. नाकोबा त्याची कॉलर धरून मागे ओढतो.

“दाजी, लालच आहे की!”

“मग लाल राहू दे की थोडा वेळ. तुला कुठं वरातीला जायचंय?”

आत पाऊल पडायला पूर्वीपेक्षा उशीर होतो, म्हणून लोक कुरकुरतात. दोघं मिळून ‘ठीक’ म्हणेपर्यंत कुणी उंबरठा ओलांडत नाही.

वास काही परत आला नाही. घरी बायको दूध तापत ठेवते आणि त्याला पाटावर समोर बसवते, तोंड गॅसकडे करून. हातात बूट नाही, सुई नाही. तो पातेल्यावरची नजर हलवत नाही. साय वर येऊ लागली, की हाक मारायच्या आधीच त्याचा हात बटणावर असतो.