पेवाला सलाम करणारे इमामचाचा

पेवाच्या तोंडावरची शिळा सरकवली की इमामचाचा आधी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवत, उकिडवे बसत आणि त्या काळ्या भोकात वाकून म्हणत, “सलाम. येऊ का आत?” मग कान देऊन गप्प बसत. त्या सलामाचं मला काही नव्हतं. पण ते उत्तराची वाट बघत, त्याची मला भीती वाटायची. वाट बघतात म्हणजे आत कुणीतरी आहे, आणि ते कुणीतरी आमच्याच अंगणात, जमिनीखाली बसलेलं आहे! आठ वर्षांच्या पोरीला याहून जास्त पुरावा कशाला लागतो?

आमचं गाव भूमच्या बाजूला. निजामाचं राज्य होतं तेव्हा, आणि ज्वारी ठेवायला घरोघरी पेवं होती. विहिरीसारखा खोल खड्डा, तोंड जेमतेम एका माणसापुरतं. आत ज्वारी भरायची, वर शिळा ठेवायची आणि माती लिंपून टाकायची. पेव उघडायचं झालं की इमामचाचांना बोलावणं जाई. काटकुळा माणूस, मेंदीनं लाल केलेली दाढी, खांद्यावर दोरी आणि हातात कंदील. दिवसाढवळ्या कंदील घेऊन फिरतात म्हणून नवी माणसं त्यांना खुळं समजत.

आमचं पेव चुलीकडे जायच्या वाटेवरच होतं. मी त्या शिळेवरून कधी चालले नाही. भिंतीला पाठ घासत, श्वास कोंडून पलीकडे जायची. श्वास कशासाठी कोंडायचा? तर आतली माझा श्वास ओढून घेईल म्हणून. ‘आतली’ला फक्त तोंड होतं. डोळे नाहीत, हात नाहीत, केस नाहीत, नुसतं तोंड. आणि तिला माझं नाव पाठ झालं होतं, कारण आई दिवसातून पन्नास वेळा त्याच अंगणातून “शेवंते, ए शेवंते!” म्हणून ओरडायची. एकदा मी आईला हळू हाका मारायला सांगितलं, तर पाठीत धपाटा बसला. “येडी का खुळी गं तू?”

माझी थोरली बहीण गोदी तेव्हा तेरा वर्षांची, आणि अंगात नुसता वांडपणा. तिनं एकदा मला उचलून शिळेवर उभं केलं आणि दंड धरून ठेवले. मी ‘आतली, आतली’ म्हणून असं काही भोकाड पसरलं की परकर ओला झाला. नेमके त्याच वेळी चाचा पेव उघडायला दारात आले. गोदी पळाली. चाचांनी मला खाली उतरवलं आणि विचारलं, “कशी हाय गं ती आतली?”

“नुसतं तोंड हाय.”

मला वाटलं, आता हसतील. चाचा हसले नाहीत. दाढी खाजवत म्हणाले, “बराबर हाय. म्या बी भितो तिला.”

झालं! उरलासुरला धीरही गेला. मग त्यांनी मला आपल्या पाठीशी उभं केलं, शिळा सरकवली, सलाम केला आणि पेटता कंदील दोरीनं आत सोडला. ज्योत आधी बारीक झाली, मग निळसर, मग कुणी फुंकर घालावी तशी गेली. मी त्यांच्या सदऱ्याला घट्ट धरलं.

“झाकून ठिवलं की आतली हवा नासती,” ते म्हणाले. “माणूस उतरला की गपकन पडतो, वराडायला बी येळ मिळत न्हाय. म्हून आधी कंदील पाठवायचा. तो जिता ऱ्हायला तर आपण जायाचं. त्वांड खोटं हाय, शेवंता, पर भ्या खरं हाय. भ्याला हसू नये. त्याला इचारावं, बाबा, तू कशापायी आलास?”

त्या दिवशी ते उतरलेच नाहीत. लिंबाच्या डहाळ्यांची जुडी दोरीला बांधून तासभर खालीवर करत राहिले, आतली हवा ढवळली, आणि दुसऱ्या दिवशी कंदील जिवंत राहिल्यावरच खाली गेले. मी मात्र ते वर येईपर्यंत अंगणात अन्नपाण्यावाचून बसून होते.

त्यांच्या स्वतःच्या भीतीचीही एक गंमत होती. दोन पुरुष उंचीइतक्या खोल पेवात उतरणारा हा माणूस झोक्याला घाबरायचा! पंचमीला लिंबाला झोके बांधले की आम्ही पोरी मुद्दाम हाका मारायचो, “चाचा, बसा की!” ते चार हात लांबून जात. “न्हाय गं बायांनो. जमिनीच्या पोटात गेलं तरी पाय जमिनीवरच ऱ्हात्यात. पाय सुटले की माणूस कुणाचा?” आम्ही खिदळायचो. भ्याला हसू नये हे आम्हाला त्यांच्या भ्याच्या बाबतीत कुठलं आठवायला!

मग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. मोठी माणसं पोरांसमोर त्यांचं नाव घेत नसत, नुसतं ‘ते’ म्हणत. ‘त्यांनी’ पलीकडची वाडी जाळली. ‘ते’ पोरी उचलून नेतात. ‘ते’ मुसलमान आहेत आणि इमामचाचा पण मुसलमानच, हे गोदीनं मला कानात सांगितलं. आई चाचांशी बोलेनाशी झाली.

एका दुपारी आमचे वडील, दादा, शेतावर असताना ओढ्याकडून आरडाओरडा झाला, “ते आले!” आईनं पहार घातली आणि पेवाची शिळा लोटली. पंधरा दिवसांपूर्वी पेव उपसून, तळाची ओलसर ज्वारी तशीच ठेवून, ते पुन्हा झाकलं होतं. “उतरा,” आई म्हणाली. मी हातपाय झाडायला लागले. आईनं माझं तोंड दाबलं. “गप, मुडद्ये! आतली खाईल, का बाहेरचे खातील?” माझे पाय भोकात गेले. खालून गार, आंबूस वास आला. आज ऐंशी उलटून गेली, तरी तो वास आठवला की मला दरदरून घाम फुटतो.

“थांबा वहिनी! कंदील!” चाचा दोरी-कंदील घेऊन धावत अंगणात आले होते.

आई पहार घेऊन वळली. “लांब ऱ्हावा तुमी. तुमचीच माणसं हायती ती.”

चाचा होते तिथंच थांबले. “माजी असू द्या, न्हायतर सैतानाची असू द्या. पोरी उतरल्या तर मरत्याल. म्या कशाला हात लावत न्हाय. तुमीच कंदील सोडा आणि तुमीच बघा.”

तिसऱ्या काडीला कंदील लागला. आईनं मला बाजूला ओढलं आणि तिनंच तो सोडला. पुरुषभर खाली गेला नाही तोच विझला. तिनं मला छातीशी धरून आवळलं, माझा जीव गुदमरेपर्यंत.

“पोरी माज्या घरी द्या,” चाचा म्हणाले. “मुसलमानाच्या घरात ते पोरी हुडकनार न्हाईत.”

आईनं गोदीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं. पुढे मला लेकी झाल्या तेव्हा कळलं, त्या घटकेला आईनं काय पणाला लावलं होतं. आरडाओरडा जवळ आला. तिनं माझा हात सोडला.

चाचांच्या घरी त्यांच्या बायकोनं, चाचीनं, आमचं कुंकू पुसलं, डोक्यावर ओढण्या टाकल्या आणि गोदीपुढं पिठाची परात सरकवली. थोड्याच वेळात दारात चौघे उभे राहिले. “मेरे भाई की बेटियाँ हैं, लोहारे से आईं,” चाचा म्हणाले. एकजण माझ्यासमोर वाकला. “नाम क्या है?” शेवंता म्हटलं तर सगळं संपलं, एवढं मला कळत होतं. दुसरं नाव सुचेना. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “गूंगी है, साब.” माझी घसरलेली ओढणी त्यांनी पुन्हा कपाळावर ओढली. ते चौघे गेले. मी त्यानंतर तीन दिवस खरंच बोलले नाही.

मग भारताची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. गावात पेढे वाटले. आणि महिन्याच्या आत ‘ते’ बदलले. आता आपल्यातलेच लोक कुऱ्हाडी घेऊन मुसलमानांची घरं हुडकत हिंडू लागले. दादांनी चाचा-चाचीला आमच्या घरी आणलं, आठ-दहा दिवस ठेवलं आणि मग गुलबर्ग्याला त्यांच्या लेकीकडं पोचतं केलं. तिकडंच ते पुढं वारले. कार्ड आलं त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही.

पण चाचा म्हटलं की मला ते आमच्या घरी आले ती सकाळच दिसते. माजघरात ते भिंतीला टेकून बसले होते. रस्त्यावर जरा कुणाचा आवाज आला की चाची दचकायची. आईनं चहा आणला, त्यांच्यासाठी ओसरीच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे त्या कपात. मुसलमानाच्या तोंडचा कप आमच्या भांड्यांत मिसळायचा नाही ही घराची रीत होती. चाचांनी कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. आत बघत राहिले. त्या दिवसांत अफवा होती, आसरा देतो म्हणून घरात घेतात आणि चहातून विष घालतात.

“वहिनी, राग मानू नका,” ते हळूच म्हणाले. “मला भ्या वाटतंय.”

दादा भडकले. “इमाम, माज्या घरात?”

“तुमी गप ऱ्हावा,” आई म्हणाली. ती चाचांसमोर खाली बसली, त्यांच्या हातातला तो कप घेतला आणि दोन घोट प्यायली. पदरानं कड पुसलीसुद्धा नाही. तसाच परत त्यांच्या हातात दिला. “घ्या भावजी. निवतोय.”

चाचांनी कप दोन्ही हातांनी धरला, आणि आईचे ओठ लागले होते तिथूनच तोंड लावून सगळा चहा प्यायले.