काचवाल्याची किक

माझा मामा खिडक्यांना काचा बसवतो आणि शनिवारी रग्बी खेळतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं एकोणीस वर्षं फक्त मामालाच वाटत होतं.

खेळ सोपा आहे, उगाच डोळे फिरवू नका. चेंडू पलीकडच्या रेषेमागे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण. मग जिथे टेकवला तिथून सरळ मागे यायचं आणि लाथ मारून तो दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून पाठवायचा. आणखी दोन. समोरच्यांनी दांडगाई केली तर दंडाच्या किकचे तीन. खेळता खेळता टप्पा पाडून मारला तरी तीन. बाकी सगळी ढकलाढकली. फळ्यावर गुण लिहायचं काम माझं, त्यामुळे माझ्याशी वाद घालू नये.

मामाला ना पळता येत, ना कुणाला पाडता येत. तो फक्त किक मारायचा. आधी एक डोळा मिटून, चौकट तिरकी आहे का बघावं तसा खांबांकडे बघायचा आणि मग हाणायचा. खांबांमागे तीन मजली घरांची रांग. चेंडू खांबांमधून जावो की बाहेरून, तळमजल्याची एखादी काच खळकन फुटायचीच. संध्याकाळी मामा हत्यारांची पेटी घेऊन जायचा आणि नवी बसवून यायचा.

यंदा मैदानवाल्यांनी खांबांमागे उंच जाळी लावली. त्याच आठवड्यात मामा आमच्या कप्तानाच्या बेकरीत कपाटाची काच बदलायला गेला.

"या शनिवारपासून किक दातांचे डॉक्टर मारतील," कप्तान म्हणाला.

"का बरं?"

"अरे, आता जाळी आहे. काचा फुटायच्या नाहीत."

"म्हणून?"

कप्तानाने पावाचा ट्रे उगाच इकडचा तिकडे केला. "दुसऱ्या कुणी फोडल्या असत्या तर बसवून कुणी दिल्या असत्या?"

मामा घरी आला तो तोंड पाडूनच. जेवला नाही. मामी म्हणाली, "कुणी गेलं का?" त्याने मला अंगणात गाठलं. "तू गुण लिहितेस. खरं सांग, मला किक येते का गं?"

मी अंगण झाडायला घेतलं. फुटलेल्या काचेवरून चेंडू जोरात गेला एवढंच कळतं. मला फार वाईट वाटलं, आणि कप्तानाचा असा राग आला की पावही दुसरीकडून आणला.

शनिवारी मामाला कडेला उभं केलं होतं, जिथे चेंडू चुकूनच येतो. डॉक्टरांनी दंडाची एक किक घातली आणि ट्रायनंतरच्या दोन्ही घालवल्या. आम्ही तेरा, ते एकोणीस. शेवटच्या मिनिटाला आमचा पोस्टमन रेषेमागे कोपऱ्यात धाडकन पडला, पोटाखाली चेंडू. ट्राय! अठरा! पण त्याला मागून रेटताना डॉक्टरांच्या तोंडावर कुणाचं तरी कोपर बसलं आणि त्यांचाच पुढचा दात पडला. डॉक्टर गवतात गुडघ्यांवर बसून तो शोधू लागले. उठायला तयारच होईनात.

कप्तानाने सगळ्यांकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं आणि मग नाइलाजाने मामाकडे.

मैदानाच्या अगदी कडेवरून किक. तिथून ते दोन खांब जवळजवळ एकच दिसतात. मामाने एक डोळा मिटला. मी खडू घट्ट धरला. देवा, काच फुटो न फुटो, खांब चुकू नको देऊ.

चेंडू उडाला, वळला, खांबांमधून गेला, जाळीच्याही वरून गेला आणि आजवर कुणाचा चेंडू पोचला नव्हता त्या तिसऱ्या मजल्यावर खळकन वाजलं. खांबांखाली उभ्या पंचांचे दोन्ही झेंडे वर झाले. वीस!

फुटक्या खिडकीतून निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं डोकं बाहेर आलं. "कोण आहे तो?"

"मी!" मामा दोन्ही हात वर करून बोंबलला. "मीच, बाई! पार कडेवरून!"

"नालायका, वर ये! काच बसव!"

मामा सवयीने निघालाच होता. कप्तानाने त्याचा दंड धरला. "तू थांब. दुसरा काचवाला बोलावतो मी. पुढच्या शनिवारचा सराव करायचाय तुला."

"दुसरा काचवाला वाट लावेल खिडकीची," मामा रडत रडत म्हणाला, पण जागचा हलला नाही.