चार सेल आणि हैदराबादचे पाहुणे

आमच्या लेकीचं, मधुराचं, ठरत आलेलं लग्न मी चार सेलांपायी मोडायच्या बेतात आणलं होतं.

हे सेल माझ्या स्कॅनरचे. स्कॅनर म्हणजे हातात मावणारा रेडिओ. पण ह्याच्यावर गाणी लागत नाहीत. वैमानिक आणि विमानतळावरचे लोक एकमेकांशी जे बोलतात, ते ऐकू येतं. आमचं घर मुकुंदवाडीत, चिकलठाण्याचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. "अहो, त्यांचं ऐकून तुम्हाला करायचंय काय?" असं सुनंदा, म्हणजे माझी बायको, नेहमी विचारायची. ह्या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही.

त्यात हैदराबादच्या देशमुखांचं स्थळ आलं. मुलगा मधुराला मनापासून आवडला होता, मुलालाही ती आवडली होती. राहिलं होतं फक्त त्याच्या आईवडिलांनी विमानानं येऊन घर बघणं. झालं! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या छंदाचा काहीतरी उपयोग होणार होता. मी देशमुखांना फोनवर सांगूनही टाकलं, "तुम्ही विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकाल, तर मी समोर उभा!"

"आधीच जाऊन थांबा की," सुनंदा म्हणाली.

"ताटकळत बसायला मी काय अडाणी आहे? वैमानिकानं उतरायची परवानगी मागितली, की मी गाडीला किल्ली मारणार."

"मोबाईलवर दिसतं ना विमान कुठं आलंय ते?"

"दिसतं. पण ऐकू येतं का?"

मधुरानं हात जोडले. "बाबा, त्या दिवशी काही प्रयोग करू नका. प्लीज."

अडचण एकच होती. स्कॅनर साधे सेल शेंगदाण्यासारखे खायचा. ऐन वेळी दगा नको म्हणून चार्ज होणारे सेल घ्यायला मी सुनंदाला घेऊन पैठण गेटला गेलो. मी वाळूजच्या कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या मालाला नावं ठेवायचा पगार घेतो. दुकानदारानं दोन प्रकार पुढं ठेवले. एक जड, नावाजलेला, त्यावर ताकदीचा आकडा दोन हजार लिहिलेला. दुसरा सोनेरी, त्यावर नऊ हजार नऊशे!

"साब, ये ले जाव. नंबर देखो नंबर! मैने खुद घर में लगाया."

"अहो, बत्ताशासारखे हलके लागतेत हे," सुनंदा सेल हातात तोलत म्हणाली.

"हलके म्हणजे आधुनिक!" मी म्हणालो. "आणि ते जड काय, दळण दळायचंय का त्यानं?"

तर सोनेरी सेल घरी आले. रात्रभर चार्ज केले. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी स्कॅनर सुरू केला, तो चहा निवायच्या आत बंद! पुन्हा चार्ज केले, पुन्हा बंद. देशमुखांचं विमान दुपारचं. 

पाहुण्यांसाठी म्हणून सुनंदाचे थोरले भाऊ दत्ताभाऊ फुलंब्रीहून आले होते. त्यांचा शेतीचा अनुभव मोठा, आणि बाकी सगळ्यातला त्याहून मोठा.

"दाजी, लई सोपंय. उन्हात ठिवा. बॅटरीचे सेल आमी उन्हातच तर जिते करतो."

"ते साधे सेल हो. हे चार्जिंगचे."

"ऊन काय बघून तापतंय व्हय, ह्यो साधा अन् त्यो चार्जिंगचा?"

आणि मी त्यांचं ऐकलं. (नसतं ऐकलं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.) मे महिन्याचं ऊन. गच्चीवर कुरडयांच्या शेजारी मी चारही सेल ओळीनं मांडले आणि जरा डोळा लागावा म्हणून पडलो. उठून बघतो तर दोन सेलांचं सोनेरी कातडं सोलून निघालेलं, हात लावला की चटका! ते दोन टाकून दिले. त्यांच्या जागी एक सेल भिंतीवरच्या घड्याळातून काढला आणि एक टीव्हीच्या रिमोटमधून. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, पण स्कॅनर बोलला! एक वैमानिक काहीतरी पुटपुटला आणि मी अक्षरशः नाचलो.

मग वाटलं, मोबाईलमुळं खरखर येईल. म्हणून सगळ्यांचे मोबाईल गोळा करून स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यात घातले आणि वर झाकण दाबलं.

"पाहुण्यांचा फोन आला तर?" सुनंदा ओरडली.

"कशाला येईल? मी आधीच तिथं असणार ना!"

आता ऐका. घरातलं घड्याळ बंद. मोबाईल डब्यात. मी आणि दत्ताभाऊ गच्चीवर, स्कॅनर कानाला. आणि स्कॅनर गप्प. पण स्कॅनरचं असंच असतं, कुणी बोलत नसलं की तोही बोलत नाही. उन्हात त्याचा पडदा दिसत नव्हता, म्हणून तो गप्प आहे की मेलाय, हे कळायला मार्ग नव्हता. मी आपलं तो गप्पच आहे असं धरून चाललो.

तेवढ्यात डोक्यावरून घोंघावत एक विमान गेलं. इतकं खाली, की चाकंसुद्धा दिसली.

"दाजी! गेलं की इमान!"

"ते दुसरं असंल."

"आवो, उतरतंय ते!"

"भाऊ, परवानगी मागितल्याशिवाय उतरता येतं का? आणि मागितली असती तर मला ऐकू आली नसती का?"

दत्ताभाऊंना हे पटलं. मलाही पटलं. खालून सुनंदा विचारायची, "अहो, निघायचं का?" आणि मी वरून सांगायचो, "अजून आकाशातच आहेत!"

बराच वेळ गेला. मागं जिन्यात पावलं वाजली. मी वळून न बघताच हात वर केला. "शू! कुणी बोलू नका! विमान आता येईलच."

"कोणतं?" मागून एक भारदस्त आवाज आला.

"हैदराबादचं हो!"

"त्याच्यातूनच आलो आम्ही."

वळून बघतो तर देशमुख! घामानं निथळलेले, हातात बॅग. विमानतळावर वाट बघून, दहा फोन करून, शेवटी बायोडाटावरच्या पत्त्यावर दोघं रिक्षानं आले होते. माझ्या पायाखालची गच्ची सरकली. खाली गेलो तर मधुरा भिंतीला टेकून उभी, डोळे भरलेले. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो स्कॅनर रस्त्यावर भिरकावून द्यावासा वाटला.

मी हात जोडून सगळं सांगितलं. ऊन, कुरडया, डबा, सगळं. देशमुख दगडासारखे बसून ऐकत होते. डब्याचं आलं तेव्हा देशमुखीणबाईंच्या तोंडून पाण्याचा फवारा उडाला. त्यांना हसू आवरेना. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, मुलगी पसंत आहे आम्हाला. पण एक अट आहे."

मी पुन्हा हात जोडले. "बोला ना."

"लग्नातलं एकही काम तुम्ही करायचं नाही."

मधुराला हसू फुटलं, आणि मी सुटलो.

अट सगळ्यांनी इमानेइतबारे पाळली. मांडवात मला साधी खुर्ची उचलू दिली नाही. कन्यादान तेवढं टळण्यासारखं नव्हतं. तिथं बायकोनं नवऱ्याच्या हाताला हात लावायचा असतो. सुनंदानं माझं मनगटच आवळून धरलं होतं.

गुरुजी म्हणाले, "ताई, नुसता हात लावायचाय."

"नको गुरुजी," ती म्हणाली, "सोडलं तर हे काहीतरी करतील!"

आणि सगळ्या मांडवात तिचं हे म्हणणं सगळ्यात आधी पटलं ते मलाच.