कंपनीची जन्मवेळ

माझ्या भाच्याची नोकरी गेली तेव्हा त्याची साडेसाती नुकतीच संपली होती. हे मला फार लागलं. साडेसातीची सगळी वर्षं त्याला बढत्या मिळाल्या, कंपनीनं काचेचा चषक दिला, आणि शनी जातो न जातो तोच नारळ दिला. शनीच्या नावानं मी जन्मभर लोकांना घाबरवत आले होते. आता काय तोंड दाखवणार?

मी शाळेत भूगोल शिकवायचे. दिवसा शनी हा वायूचा गोळा आहे असं मुलींना सांगायचं आणि संध्याकाळी कर्वेनगरच्या घरी त्याच गोळ्यासाठी लोकांना मारुतीला तेल घालायला पाठवायचं, यात मला कधी अडचण वाटली नाही. निवृत्तीनंतर गोळा मागे पडला आणि तेल तेवढं राहिलं. भाचा माझ्या अकोल्याच्या बहिणीचा मुलगा. इंजिनिअरिंगला पुण्यात आला तेव्हापासून माझ्याकडेच. पुढे हिंजवडीत लागला. माझ्या पत्रिकांना तो हसायचा, पण प्रेमानं हसायचा.

त्या दिवशी तो भर दुपारी घरी आला. सकाळी त्याला एका खोलीत बोलावून परफॉर्मन्स एवढा एकच शब्द सांगितला होता. लॅपटॉप आणि कार्ड काढून घेतलं, आणि रोज गुड मॉर्निंग म्हणणारा गार्ड त्याला गेटपर्यंत पोचवून गेला. बहीण फोनवर एकच विचारत राहिली, त्यानं काही केलं का गं? त्यालाही तेच खात होतं. जेवता जेवता घास हातात धरून थांबायचा आणि कुठल्या कामात आपण चुकलो ते आठवत बसायचा. एकदा म्हणाला, "मावशी, मी खरंच ढ असेन का गं?" मी म्हटलं, थांब, बघते मी.

पत्रिका उघडली. दशम म्हणजे नोकरीचं घर, आणि तिथे उच्चीचा गुरू मांडी घालून बसलेला. असल्या मुलाला काढतात? मी पंचांगं बदलून पाहिली, गुरू हलेना. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलात दोष नाही, तर दोष कंपनीत असणार. कंपनीचीच पत्रिका मांडायला हवी.

पत्रिकेला जन्मवेळ लागते. कंपनी जन्मली अमेरिकेत, भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, आणि तिथे कुणी घड्याळ बघून ठेवलेलं असण्याची शक्यता नव्हती. म्हणून मी हिंजवडीतला जन्म धरायचं ठरवलं. उद्घाटनाची फीत कापली तो क्षण. नाळच की ती एक प्रकारची.

भाचा आंघोळीला गेल्यावर मी कंपनीत फोन लावला आणि रिसेप्शनवरच्या मुलीला विचारलं, तुमची फीत किती वाजता कापली? तिनं मला कुठलं डिपार्टमेंट हवंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, ज्योतिष. बराच वेळ पलीकडे गाणं वाजत राहिलं. पण मुलगी गुणी निघाली. तारीख तिनं लॉबीतल्या पाटीवरून सांगितली, वेळ उद्घाटनाच्या फोटोतल्या भिंतीवरच्या घड्याळावरून. आणि मग आवाज खाली आणून स्वतःची जन्मवेळही सांगितली, लग्न कधी होईल एवढंच बघा म्हणाली. पुण्यात फुकट कोणी कोणाचं काम करत नाही, तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही.

कंपनीच्या पत्रिकेत पंचमात राहू निघाला. पंचम म्हणजे संततीचं घर. पोटची पोरं टाकणारच ती. मी विजयी मुद्रेनं भाच्याला सांगायला गेले, तर तो डोकं धरून खाली बसला. माझ्या ऑफिसात फोन केलास, तोही फितीसाठी, एवढं म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला.

त्या मुलीनं मात्र माझं नाव सबंध इमारतीत पोचवलं. रविवारी लोक येऊ लागले. ज्यांची नोकरी गेली ते नव्हे, ज्यांची शाबूत होती ते. पुढच्या यादीत आपण आहोत का, एवढाच सगळ्यांचा प्रश्न. पाठीवर सॅक, हातात पत्रिकेचं प्रिंटआउट, आणि चेहरे दहावीच्या निकालाच्या दिवसासारखे. भाचा दार लावून आत बसायचा.

एका रविवारी मी पोह्यांना फोडणी घालत होते म्हणून दार त्यानं उघडलं. बाहेर त्याचा मॅनेजर पत्रिकेचं प्रिंटआउट घेऊन उभा होता. "सर, तुम्ही?" भाचा म्हणाला. मी झारा घेऊनच बाहेर आले, दोघांना दिवाणावर बसवलं आणि मॅनेजरला स्पष्टच म्हटलं, अहो, तुमचं नंतर बघू, आधी या मुलाला का काढलं ते सांगा.

तो आधी कंपनीचं धोरण वगैरे सांगायला लागला. मी झारा खाली ठेवेना तेव्हा खरं बोलला. वरून निरोप आला होता, संध्याकाळपर्यंत एक नाव द्या. वशिल्याची माणसं वगळल्यावर दोन मुलं उरली, दोघंही सारखीच हुशार. त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं आपल्या ज्योतिषाला विचारलं. ज्योतिषी म्हणाला, तुमची कुंभ, कुंभेला सिंह वैरी, सिंहेचा माणूस हाताखाली ठेवू नका. टीममध्ये वाढदिवसाचे केक कापायचे, त्यामुळे तारखा सगळ्यांच्या ठाऊक. भाचा जुलैअखेरचा. म्हणजे सिंह.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भल्या बाईला ज्यासाठी राग यावा त्यासाठी आला असता तर बरं झालं असतं. मी ओरडले, "अहो, तारखेवरून कुठे रास काढतात? रास चंद्रावरून धरायची. हा मुलगा तुळेचा आहे. कुंभेला तूळ म्हणजे मित्ररास. तुमचा आधारच घालवलात तुम्ही." वर्तमानपत्रातली इंग्रजी रास घेऊन निर्णय करायचा म्हणजे वडाची साल पिंपळाला, हे मी त्याला चांगलं सुनावलं. तो पांढराफटक पडला. आता यावर काही ग्रहशांती आहे का, असं विचारू लागला, आणि मी सांगायलाही लागले.

तेव्हा भाचा बोलला.

"सर, म्हणजे माझं काम बरं होतं?"

"बरं काय रे," मॅनेजर खाली बघत म्हणाला. "तू टीममधला सगळ्यात चांगला होतास. तुम्ही दोघंही."

भाचा आधी हसला, मोठमोठ्यानं, आणि हसता हसता रडायला लागला. नोकरी गेल्यापासून तो एकदाही रडला नव्हता. मला त्या मॅनेजरला उठवून जिन्यावरून खाली घालवावंसं वाटत होतं. त्याची पत्रिका मी पुढे सरकवली, म्हटलं, न्या ही.

भाच्यानं ती परत माझ्यासमोर ठेवली.

"सरांचं बघ ना मावशी," तो डोळे पुसत म्हणाला. "त्यांची मुलं लहान आहेत. आणि चंद्रावरून बघ."

मी चष्मा लावून बघितलं. दशमात धड काहीच नव्हतं, पुढचं वर्ष तर बघवत नव्हतं. मॅनेजर माझ्या तोंडाकडे बघत होता आणि भाचा त्याच्याकडे. मी म्हटलं, राहील तुमची नोकरी, आणि पोहे आणायला उठले.